आक्कांच्या मुठीचं माप

प्रयागआक्कांचं नाव आधी घेतो, बाकीचं मागून. त्या दुपारी गुरांच्या छावणीत त्यांनी तोंड उघडलं नसतं, तर माझी नोकरी गेली असती, आणि बहुधा मी गावी परत जाऊन कुणाच्यातरी होडीवर जाळी ओढत बसलो असतो. एका माणसावर उलटा इलाज झाला असता, ते वेगळंच. दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मला पहिल्यांदा त्यांची मूठच आठवली. का, ते कळेल.

मी मूळचा देवगडकडचा. शाळा आठवीत सुटली. आंब्याच्या पेट्या घेऊन मराठवाड्यात टेम्पो आणायचो. असाच एकदा केजमध्ये टेम्पोचं इंजिन बसलं, मालकानं फोन उचलणं बंद केलं, आणि पोटासाठी मी एका ट्रस्टच्या छोट्या दवाखान्याच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून लागलो. तात्पुरता. ते तात्पुरतं अजून चालू आहे. इथं मला कुणी नावानं हाक मारत नाही. मी ‘कोकणे’. चिडले की ‘कोकण्या’. पाण्याच्या टँकरमागं धावणाऱ्या लोकांत मी पाण्याच्या देशातला माणूस, म्हणून सगळ्यांना माझी गंमत. “कावून आलास रे इकडं? तिकडं पानी लई झालं म्हनून?” असं मला रोज कुणीतरी विचारायचं.

आमची जीप फिरते ती फार आजारी माणसांच्या घरी. बहुतेक कॅन्सरचे. मोठ्या दवाखान्यातले इलाज चालू असलेले, किंवा संपलेले. आमच्या मॅडम, म्हणजे डॉक्टर, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येतात, बाकी दिवस नर्सबाई आणि मी. पहिल्यांदा मी फक्त गाडी चालवायचो. पण गडी माणसाला उचलून कुशीवर वळवायचं तर नर्सबाईंना एकटीला जमत नाही. असं करत करत मी शिकलो. पाठीला जखम होऊ नये म्हणून माणूस कसा वळवायचा, तोंड आतून कसं पुसायचं, जखमेचा वास कमी कसा करायचा. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही मरणाचं काम करतो. तसं नाही. आम्ही जेवणाचं, झोपेचं आणि संडासचं काम करतो. माणसाला या तीन गोष्टी नीट मिळाल्या की तो बाकीचं बरंच सोसतो.

आणि दुखण्याचं. त्याच्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या असतात. त्या दोन कुलपांच्या कपाटात राहतात, दोन किल्ल्या दोन माणसांकडं. मॉर्फिन अफूपासून निघतं हे कळलं तेव्हा मला घाम फुटला होता. टेम्पोवर असताना अफूच्या नावानं पोलिसांनी आमच्या पेट्या उपसलेल्या मी बघितल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, “कोकणे, वस्तू तीच. माप, कागद आणि जबाबदार माणूस, एवढाच फरक.” हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं होतं.

एक पद्धत सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कुणाची गोळी वाढवली, तर वाढवलेली पहिली गोळी आमच्यासमोर द्यायची आणि तिथंच बसून राहायचं. श्वास बघायचा, डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या. जास्त झालंच तर जीपमध्ये उताऱ्याचं इंजेक्शन असतं, ते टोचायला मॅडमनी मलाही शिकवलं होतं. पण ते इंजेक्शन म्हणजे दुधारी काम. श्वास वाचवतं, पण सगळं दुखणं एका क्षणात परत आणतं. मी ते एकदाच दिलेलं बघितलंय. त्या माणसाची किंकाळी अजून आठवते. म्हणून ते उगाच कधीच नाही.

ज्ञानोबा तात्या आमच्या यादीत आले ते छावण्यांच्या दुष्काळात. आतड्याचा कॅन्सर. मोठ्या शहरात जाऊन केमो घ्यायचे आणि घरी आले की उलट्या. केमोला इकडं सगळे ‘ती सलाईन’ म्हणायचे. तात्यांना दुखण्यापेक्षा उलटीचा त्रास मोठा होता. ताटलीत भाकरी दिसली तरी उमळून यायचं. उलटीच्या गोळ्या चालू होत्या. काहींना त्या छान लागू पडतात, तात्यांना थोड्याच पडल्या. मॅडमनी बदलून बघितल्या. माणूस दर फेरीला आणखी सुकलेला दिसायचा. पुढची सलाईन द्यायची की नाही हे वजनावर ठरणार होतं. वजन घटत राहिलं तर इलाजच बंद. म्हणजे त्यांचा जीव म्हणाल तर भाकरीच्या तुकड्यावर होता.

तात्यांचा मुलगा आणि सून ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेले. घरी मोठी बहीण, प्रयागआक्का. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तरुणपणी त्यांनी स्वतः कोयता चालवलेला, नवरा गाडीवान. बाई उंच, हाताचे पंजे पुरुषासारखे. पहिल्या दिवशी मी तात्यांना वळवत होतो तर बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, “बैल वळवायलास का मानूस? आधी त्याच्याशी बोल तरी.” तेव्हापासून मी आधी बोलतो, मग हात लावतो. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या तांब्यात नेहमी हिरवट पाणी असायचं. मी विचारलं, “आक्का, हे काय?”

“काढा हाय. तुळशीचा.”

मी मॅडमना तसंच सांगितलं. मॅडम म्हणाल्या, तुळस असेल तर असू दे.

मग छावणी लागली. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: दुष्काळात गावोगावची जनावरं एका माळावर आणून बांधतात, सरकार अनुदान देतं, आणि एखादी सहकारी सोसायटी ती चालवते. त्या वर्षी आमच्या भागातल्या सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. गाळपाएवढा ऊसच नव्हता. होता तो वाळका ऊस जनावरांच्या पुढ्यात पडला. ज्या उसाची साखर व्हायची त्याची वैरण झाली. माणसं जनावरांच्या शेजारीच प्लॅस्टिकचा कागद ताणून राहायची. चुली, पोरं, पाहुणे सगळं तिथंच. सोयरिकीसुद्धा तिथं जमल्या.

तात्यांचे दोन बैल आणि एक म्हैस आधीच छावणीत होती. चुलतभाऊ बघायचा. तोही टोळीबरोबर निघून गेल्यावर आक्कांनी घराला कुलूप लावलं आणि आजारी भावाला बाजेसकट छावणीत आणलं. आम्ही हबकलो. माशा, धूळ, शेण. मॅडमनी तात्यांना विचारलं, “इथं कसं राहणार तुम्ही?”

तात्या म्हणाले, “मॅडम, घरी भिंतीकडं बघून मरायलो होतो. हितं बैलाकडं तरी बघतो.”

मॅडमनी मला पत्र्याची सावली आणि मच्छरदाणीची व्यवस्था करायला सांगितली. ते छान झालं. तात्यांच्या उशाशी त्यांचा पांढरा बैल बांधलेला. आमच्या सगळ्या पेशंटांत तात्यांना जितके भेटायला लोक आले तितके कुणालाच आले नसतील.

त्या दिवशी पोटातलं दुखणं वाढलं म्हणून मॅडमनी मॉर्फिन जरा वाढवलं. गोळी वाढवून दिली, आणि मॅडम नर्सबाईंना घेऊन स्वतःच्या गाडीनं दुसऱ्या गावी गेल्या. पद्धतीप्रमाणे मी बसून राहिलो. आक्का शेण उचलायला दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या. जाताना मला म्हणाल्या, “चहा पेऊन घे. त्याला मी सकाळीच काढा देलाय.”

बराच वेळ काहीच झालं नाही. मग तात्या हसले. मोठ्यांदा. मी त्यांना कधी हसताना बघितलं नव्हतं, त्यामुळं मीही हसलो. “काय झालं तात्या?”

“ह्यो बैल,” तात्या म्हणाले, “लई इचार करायलाय.”

बैल रवंथ करत होता. मला वाटलं, आज माणूस मजेत आहे. पण हसणं थांबेना. मग एकदम थांबलं, आणि तात्यांनी माझं मनगट धरलं. “कोकणे, झाडं जवळ आलीत. छप्पर खाली यायलंय. मला कुठं न्यायलाव?” डोळे लाल, तोंडाला कोरड, छाती लोहाराच्या भात्यासारखी. ओरडायला लागले. “मेलो! आक्का, मेलो!”

छावणीत ओरडा झाला की सगळं माळरान गोळा होतं. क्षणात बाजेभोवती कडं. “काय देलं बे ह्याला?” “नवी गोळी देली म्हनं.” “इष देलं कोकण्यानं.” एकानं माझी कॉलर धरली.

मी बाहुल्या बघितल्या. मॉर्फिन जास्त झालं तर त्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, माणूस झोपाळतो, श्वास मंदावतो. इथं उलटं. माणूस टक्क जागा, श्वास जोरात. माझ्या डोक्यात हे बसेना. फोनला रेंज नव्हती, म्हणून मी उसाच्या ट्रॉलीवर चढलो आणि मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, “श्वास चांगला चालू आहे ना? मग इंजेक्शन नको. बघत राहा. मी निघाले.” आणि मग म्हणाल्या, “कोकणे, आणखी काय घेतलंय त्यांनी? विचारा. त्याशिवाय मला काही कळणार नाही.”

खाली उतरलो तर सोसायटीचे चेअरमन आलेले. त्यांना सगळे आबा म्हणतात. पांढरे कपडे, पायात बूट, त्या शेणात. वाईट माणूस नव्हता. पण छावणी त्यांच्या नावावर होती. त्यांनी आधी जीपची किल्ली काढून घेतली.

“डॉक्टर येऊस्तोवर हा मानूस हितून हालायचा न्हाई. उद्या पेपरात येईल, छावणीत मानूस मेला म्हनून. अनुदान बंद पडलं तर ही सगळी जनावरं काय मपल्या वाड्यात बांधू?” मग माझ्याकडं वळून, “तुमच्याकडं उताऱ्याची सुई असती ना? मार की मग! कशाची वाट बघायलास?”

“आबा, श्वास चांगला चालू आहे. मॅडमनी नको म्हटलंय.”

“मॅडम तिकडं, पेशंट हिकडं.”

सगळे ओरडायला लागले, सुई मार, सुई मार. आणि तात्या तर डोळे पांढरे करून आक्काला हाका मारत होते. इंजेक्शनची डबी मी जीपमधून काढून हातात घेतली होती. ते दिलं असतं तर जमाव गप्प बसला असता, माझी कॉलर सुटली असती, आणि तात्यांचं पोटातलं सगळं दुखणं त्या भीतीच्या वर येऊन बसलं असतं.

तेवढ्यात शेणाची पाटी डोक्यावर घेऊन आक्का आल्या. त्यांनी भावाच्या तोंडाकडं एकदा बघितलं. डोळे बघितले. पाटी खाली ठेवली.

“त्याला सोडा. त्यानं काय न्हाई केलं. मी देलंय.”

“काय देलंस?” आबा म्हणाले.

“भांग देली.”

आबांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला. “आक्का, गप बस. काय बोलायलीस? पोलिस केस होईल. हे दवाखान्याचे लोक त्यांचं काय ते बघून घेतील. दवाखान्याकडं वकील हाय, सगळं हाय. तुझ्याकडं काय हाय?”

“मपल्याकडं भाऊ हाय,” आक्का म्हणाल्या. “डॉक्टरला खरं कळलं न्हाई तर उलटा इलाज होईल. बैलाला काय खाल्लं ते इचारल्याबिगर तुमी दवा देता का आबा? मग मानसाला कावून देता?”

किल्ली आबांच्या मुठीतच राहिली, पण ज्यानं माझी कॉलर धरली होती त्यानं ती सोडली. वर तिची घडीही नीट केली. मी परत ट्रॉलीवर चढलो आणि मॅडमना एकच शब्द सांगितला. मॅडमनी पलीकडं मोठ्यांदा हुश्श केलं. म्हणाल्या, “मग सुई अजिबात नको. सावली करा, गर्दी हटवा, पाणी पाजा, आणि ज्या माणसाचा आवाज त्यांना ओळखीचा आहे तो जवळ बसवा. भीती आहे ती, उतरेल. श्वासावर लक्ष ठेवा फक्त.”

मी पहिल्यांदाच त्या माळावर मोठ्या आवाजात बोललो. लोकांना मागं सरकवलं. आक्का बाजेवर बसल्या, भावाचं डोकं मांडीवर घेतलं, आणि त्यांच्याशी बैलांच्या गोष्टी बोलत राहिल्या. ह्यो बैल कोणत्या बाजारातून आणला, त्याच्या आईनं कोणाला लाथ मारली. मी शेजारी बसून श्वास बघत होतो. हळूहळू तात्यांची माझ्या मनगटावरची पकड सैल झाली आणि ते झोपले.

मॅडम पोचल्या तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. तात्या जागे झाले, आजूबाजूला बघितलं, आणि जे बोलले ते ऐकून मॅडम वळून माझ्याकडं बघायला लागल्या.

“आक्का, भाकर हाय का गं?”

आक्कांनी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून दिली. तात्यांनी ती खाल्ली. सगळी. आम्ही सगळे वाट बघत बसलो की आता उलटी होणार. झाली नाही. तात्या म्हणाले, “अजून थोडी.”

आबासुद्धा उभे होते. मी इतकी वर्षं माणसांना भरवतोय, पण एक माणूस भाकरी खातोय आणि बाकीचे श्वास रोखून बघतायत, असं मी फक्त त्या दिवशी बघितलं.

मग मॅडमनी आक्कांना शांतपणे विचारायला सुरुवात केली. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना कुतूहल होतं, आणि मलाही. “ही भांग तुम्ही कधीपासून देताय?”

“घरी व्हतो तवापासून. तीच ती, तुळशीचा काढा. न्हानीच्या मागं एक झाड हाय, सांडपान्यावर वाढलेलं. गाडीवान लोक थकलेल्या बैलाला द्यायचे. मपल्या नवऱ्याला सारं मालूम व्हतं.”

“मग तेव्हा असं काही झालं नाही?”

“काईच झालं न्हाई. जोरच नव्हता पाल्याला. मला वाटलं, दुस्काळात झाड सुकलंय, म्हनून जोर न्हाई. म्हनून वाढवत गेले. आधी चिमूट, मग दोन, मग मूठ.” आणि त्यांनी मूठ उघडून दाखवली. कोयता धरलेला तो पंजा. मॅडमनी आपला पंजा शेजारी धरून बघितला. निम्माही नव्हता.

“आजही मूठच?”

“मूठच.”

“कशात उकळली?”

“दुधात. पाला कालच घरून आनला, हितं आजच पयल्यांदा केला. हितं म्हशीचं दूध हाय ना. घरी कुठलं दूध? जनावरं छावनीत. घरी पान्यात उकळायचे.”

मॅडमनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागल्या. मग समजावून सांगितलं. त्या पाल्यातला जो अंश काम करतो तो पाण्यात उतरत नाही. तेला-तुपात, सायीत उतरतो. दुष्काळात दूध नव्हतं, म्हणून आक्कांचा काढा नुसतं हिरवं पाणी होता, आणि त्या बिनकामाच्या पाण्याच्या हिशोबानं त्यांनी माप मुठीवर नेलं. छावणीत घट्ट दूध मिळालं, माप मात्र पाण्याचंच राहिलं.

आक्का विचारात पडल्या. “म्हंजी इतके दिवस मी ह्याला नुस्तं हिरवं पानी पाजलं?”

बाजेवरून तात्या म्हणाले, “तरीच. मला वाटलं, आक्काच्या हाताची चवच गेली.”

सगळे हसले. आबाही.

मॅडम मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, परदेशात केमोच्या उलट्या बाकीच्या औषधांनी थांबत नाहीत, तेव्हा ह्याच झाडाच्या अंशाचं औषध डॉक्टर लिहून देतात. मोजलेलं, कॅप्सूलमधून. “पण मी इथं ते लिहून देऊ शकत नाही, आणि आक्का, तुमची मूठ मी मोजू शकत नाही. आज थोडक्यात निभावलं. मॉर्फिनवर भांग, त्यात अशक्त माणूस. परत द्यायची नाही.”

दुसऱ्या दिवशी आबांच्या सांगण्यावरून आक्का गावी गेल्या आणि त्यांनी ते न्हाणीमागचं झाड उपटलं. त्या दुष्काळात त्यांच्या परसात तेवढंच हिरवं होतं. मॅडमनी दवाखान्यात सगळं जसं झालं तसं सांगितलं, आणि माझ्यावर काहीही आलं नाही. आबांनी किल्ली परत देताना मला बाजूला घेतलं. मला वाटलं आता दम देणार. तर म्हणाले, “मपल्या आईचे गुडघे लई दुखत्यात रे. तो पाला... नुस्ता लावायला चालतो का?” मी म्हटलं, “मॅडमना विचारा.” ते म्हणाले, “नको, राहू दे.”

तिथून पुढं मला चाळाच लागला. जो भेटेल त्याला मी विचारायचो. नेकनूरच्या बाजारात एक म्हातारबुवा मला सांगत होते की पूर्वी भांग-गांजाचा ठेका असायचा, परवान्याचं दुकान, आणि त्यांचे आजोबा संधिवातासाठी तिथून आणायचे. खरं-खोटं त्यांना ठाऊक. बीडला एका वैद्यांना विचारलं तर ते म्हणाले, आमच्या शास्त्रात तिला विजया म्हणतात, आणि ती धुवून, गाईच्या तुपावर भाजल्याशिवाय वापरत नाहीत. तूप! मला आक्कांना लगेच सांगावंसं वाटलं. एका पेशंटचा मुलगा बीडच्या कोर्टात वकील होता. त्यानं सांगितलं, कायदा फुलाला वेगळा धरतो आणि पानाला वेगळा, पण आपल्या राज्यात पानही परवान्याशिवाय ठेवता येत नाही. मला हे सगळं पूर्ण कळलंय असं नाही. चुकत असेन तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

हल्ली परवाना असलेल्या कंपन्यांची विजयेची औषधं आयुर्वेदिक डॉक्टरच्या चिठ्ठीवर शहरात मिळतात म्हणे. मी केजच्या औषधाच्या दुकानात विचारलं. दुकानदार ओळखीचा. त्यानं आधी दाराकडं बघितलं, मग मला म्हणाला, “कोकणे, तब्येत बरी हाय ना?”

दुसरी बाजूही मी बघितलीय, ती लपवणार नाही. क्लाससाठी बीडला राहिलेला एक मुलगा गांजा ओढायच्या नादाला लागला आणि त्याला आवाज ऐकू यायला लागले. त्याची आई दवाखान्याच्या पायरीवर बसून मला विचारायची, “दादा, मपलं लेकरू परत पहिल्यासारखं होईल का?” मी तिला पाणी आणून द्यायचो. म्हणून कुणी मला सांगितलं की हा पाला फार गुणाचा, त्याला काही होत नाही, तर मी त्याला त्या पायरीवर नेऊन बसवीन.

पण त्या आईमुळंच मला उलट वाटतं. अफूनं काय कमी घरं बसवली? तरी अफूला आपण दवाखान्यात जागा दिली. दोन कुलपं लावली, माप लावलं, माणूस नेमला. त्यामुळंच माझे पेशंट झोपतात. अफूच्या बहिणीला, या भांगेला, मात्र न्हाणीच्या मागं उभं ठेवलंय. तिथं ती कुणाच्याही मुठीत जाते. आईच्या, बहिणीच्या, मायेनं आंधळ्या झालेल्या मुठीत. ज्याला लागेल त्याला डॉक्टरनं लिहून द्यावं, सरकारनं तपासावं, दुकानातून मोजून मिळावं, एवढंच माझं म्हणणं आहे. ओढणाऱ्यांची वकिली मी करत नाही. मी त्या भाकरीची करतोय.

कारण तात्यांनी पुन्हा तशी भाकरी खाल्ली नाही. मॅडमनी त्यांच्या हातात होतं ते सगळं केलं. पुढच्या सलाईनला वजन भरलं नाही. छावणी उठल्यावर त्यांना घरी नेलं, आणि तिथं ते शांतपणे गेले, बैल अंगणात, दार उघडं. जायच्या थोडं आधी मला म्हणाले, “कोकणे, त्या दिवशीसारखी भूक एकदा लागायला पायजे व्हती.” मी त्यांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होतो. मला तेवढंच येत होतं. औषध त्या पलीकडं होतं, आणि ते बरोबर लागू पडलं असतं असंही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. देऊन बघायला मिळायला हवं होतं, इतकंच.

आक्का आता थकल्यात, नजरही अधू झालीय. साखरेच्या आजारानं त्यांच्या पायांची आग होते, झोप लागत नाही. मी जीप घेऊन त्या बाजूला गेलो की जातोच. मागच्या खेपेला त्यांचे पाय चेपत होतो, तेव्हा मी सहज विचारलं, “आक्का, परत कधी तो काढा करून बघावा वाटला नाही? स्वतःसाठी?”

“वाटतंय की.”

“मग? पोलिसांचं भय?”

त्यांनी हात पुढं केला, मूठ वळली आणि तिच्याकडं बघत राहिल्या. “पोलिसाचं काय भ्या? मपल्या मुठीचं भ्या वाटतंय.”

चार माणसांत, आबांसमोर, पोलिसांचं नाव निघालेलं असताना त्या बाईनं परक्या मुलखातल्या एका ड्रायव्हरसाठी आणि भावासाठी खरं सांगितलं. मी आठवी शिकलेला. मोठ्या खुर्चीकडं गेलो की मी आजही दाराशीच थांबतो. पण कधी कुणी अधिकारी, कमिटी, जे काही असेल ते, आमच्यासारख्यांना विचारायला बसलं, तर मी जाईन आणि उभा राहून सांगेन. आणि आक्का, ज्या दिवशी मॅडमना ते औषध तुमच्यासाठी लिहिता येईल, त्या दिवशी केजच्या दुकानातली पहिली बाटली घेऊन मी तुमच्या दारात येईन. तिच्या नळीवर मापाच्या रेघा असतील. तुम्हाला त्या दिसणार नाहीत. मी मोजीन. आठवीपर्यंतची शाळा तेवढ्याला पुरेल. आणि पहिली मात्रा दिली की, आपली पद्धत तुम्हाला माहीत आहे, मी तिथंच बसून राहीन.